खाऱ्या पाण्यानं धुतलेल्या प्लेटा

माह्या कामाले काय म्हणावं हे मलेच अजून नीट समजत नाही. कागदावर 'सौर सफाई कामगार' असं लिवलं हाये. सासू शेजारणीले सांगते, सून स्टँडावर लाईटीच्या खात्यात हाये. नवरा नांदगाव पेठेले कपड्याच्या मिलमधी हाये, तो त्याच्या दोस्ताइले सांगते, बायको काचा पुसते. अन् पाटसुलच्या गाडीची वाट पाहत बसणारे एक म्हातारे बाबा हायेत, थे मले रोज विचारतेत, "काय व बाई, आज ऊन किती भरलं?" जसं काही मी वरतं कोठीत भरून ठेवते.

आमचे कंट्रोलर वानखडे काका, म्हणजे जे खिडकीत बसून गाड्याइची नोंद करतेत अन् माईकवरून कोणती गाडी कुठं लागली थे सांगतेत, त्याईनं म्हटलं का दिवाळी अंकाले कामाच्या गोठी पाहिजेत, तू लिव. म्या म्हटलं, काका, माही शाळा नववीत सुटली. थे म्हणे, "मंग बरं. जास्त शिकलेले लोकं लिवताना लपवतेत." आता लपवू नको म्हटलं तं मले भेव वाटते, काहून का यातलं बरंच घरीही माहीत नाही. तरी लिवून राहिली. पोट्टी झोपली हाये, उठाच्या आत जेवढं होईन तेवढं.

पहिले काम सांगते. आमचं गाव अमरावती अन् अकोल्याच्या मधात. स्टँड लहानच हाये, पण पत्र्यावर अन् हापिसाच्या गच्चीवर काळ्यानिळ्या काचेच्या प्लेटा बसवल्या हायेत, चार ओळी. ऊन पडलं का त्याच्यातून करंट निघते. त्याच्यावर स्टँडातले लाईट, पंखे, हापिसातलं कम्प्युटर, पाण्याची मोटर, सगळं चालते. पुरून उरलं तं थे बाहेरच्या तारीत जाते अन् मीटर त्याची येगळी मोजणी ठेवते. राती आपण तारीतून परत घेतो. पार्सलच्या खोलीत भितीवर एक पेटी हाये, तिच्यावर चारही ओळीचे आकडे येगयेगळे दिसतेत. माहं काम म्हणजे शिडीनं वर चढाचं, प्लेटा धुवाच्या, कबुतराइची घाण काढाची, अन् संध्याकाळी पाच वाजता पेटीच्या आकड्याइचा फोटो काढून ठेकेदाराच्या साहेबाले पाठवाचा. साहेब अमरावतीले बसते. नोकरी ठेकेदाराची, अकरा महिन्याच्या कागदावर.

लोकाइले वाटते, दहा प्लेटा साफ अन् एक खराब, तं काय होते, एकच कमी होईन. तसं नाही. रोडाच्या कामावर बाया ओळीनं उभ्या राहून टोपले पुढं देतेत पहा, मधातली एक बाई हळू झाली का मागच्या कितीही तगड्या असो, टोपलं तिच्याच चालीनं पुढं जाते. प्लेटाइची ओळ तशीच. एका प्लेटीवर कबुतरानं घाण केली का पुऱ्या ओळीचं डोस्कं फिरते. हे साहेबानं फोनवर सांगतलं होतं, पण मले समजलं टोपल्यावरून.

अन् लोकंही एकेक भेटतेत. एक जण चार्जिंगच्या बोर्डाले मोबाईल लावून बसला होता, आभाळ आलं तसा घाईघाईनं पिन काढून घेतली. म्या म्हटलं, काहून जी काढली. तो म्हणे, "ढग आला ना. भरलेलं उलटं वापस गेलं तं?" एक बाई हिरकणी कक्षात पंख्याखाली बसत नव्हती. हिरकणी कक्ष म्हणजे लेकराले पाजाले बायाइसाठी लहानशी खोली असते स्टँडावर. ती म्हणे, उन्हाचा पंखा हाये, गरम हवा मारन, लेकराले उष्णता होईन. म्या तिले पंख्याखाली उभं करून दाखवलं तं म्हणते, "आता थंड हाये, मांगून गरम होईन."  मलेही पहिले दोन महिने प्लेटीले हात लावाचं भेव वाटे.

त्या हिरकणी कक्षातच माही गुड्डी राहे. खिडकीच्या गजाले अन् दाराच्या कडीले झोळी बांधलेली. कामावरच्या बाईनं लेकरू तिथं दिवसभर ठेवाचा नेम नाही, पण वानखडे काका त्या दाराकडं पाठ करून बसत. म्हणत, "मले माईकमुळं काही आयकू येत नाही." सासूचे गुडघे गेलेले हायेत, तिच्यानं लेकरामांगं धावणं होत नाही. म्हणजे मले जे काम भेटलं थे लेकरासकट भेटलं होतं. असं दुसरं काम या गावात मले कोण देणार. हे काम गेलं तं काहीच नाही, एवढं मले पक्कं समजत होतं. बाकी काही समजत नव्हतं.

मांगच्या हिवाळ्यातली गोठ. सोयाबीन निघून गेलं होतं, कापूस येऊन राहिला होता, हवेत बारीक धूळ अन् कापसाचे तंतू. गुड्डी आठ महिन्याची होती. एक दिवस फोटो पाठवला अन् साहेबाचा मेसेज आला. 'युनिट कमी. सफाई होत नाही का?' तोवर मी हप्त्यातून दोन खेपा धुये, साहेबानंच तसं सांगतलं होतं.  दुसऱ्या दिवशीपासून रोज धुणं चालू केलं. बोरची मोटर लावाची, पाईप वर ओढाचा, पदर खोचाचा, अन् दुपारी उन्हात घासघासून धुवाच्या. दुपारी काहून, तं तवा गुड्डी झोपे.

चार दिवसानं मेसेज, 'अजून कमी.' मंग दिवसातून दोन खेपा धुतलं. सकाळी एक, दुपारी एक. धुतलं का रजिस्टरात सही करा लागे, तं सह्याही दोन. आठ दिवसानं साहेबाचा फोनच आला. "ताई, तुम्ही वर जाता तरी का?"

मी रडाले लागली. पाईप ओढू ओढू माहे खांदे सुजले होते, अन् हा माणूस विचारते वर जाता का. बरं, प्लेटा ओल्या असल्या का चकचकीत दिसत. वाळल्या का पांढुरक्या. म्या म्हटलं धूळ बसली, अन् पुन्हा धुतल्या. जितकं धुये तितके युनिट कमी. असं कुठं असते काय? मले वाटलं साबणाची वडी झिजते तशी धुऊन धुऊन काच झिजली का काय. मंग वाटलं हिवाळ्यात सूर्यच कमी असन. मंग वाटलं पेटी खराब हाये. सासूले सांगतलं तं तिनं निंबू मिरची करून देली, म्हणे शिडीले बांध, कोणाची तरी नजर हाये. तेही बांधलं. नवऱ्याले फोन केला तं तो म्हणे, "धुणंच बंद कर ना मंग." म्या म्हटलं, तुमाले मस्करी सुचते. तो म्हणे, मस्करी नाही करून राहिलो. आता वाटते, त्याचं आयकाले पाहिजे होतं. पण तो तं सगळ्याच गोठीले बंद कर म्हणते.

मंग एका बुधवारी साहेब सोता आला. म्या त्याले पहिल्यांदा पाह्यलं. आवाजावरून मले मोठा माणूस वाटे, पाहते तं माह्या लहान भावाएवढा, पाठीवर बॅग, पायात पांढरे बूट. शिडीनं वर चढला, मी मांगून. खालतं वानखडे काका शिडी धरून उभे. साहेबानं प्लेटीवर बोट फिरवलं, काही निघालं नाही. नखानं खरडलं, उलसंक पांढरं निघालं. तो माह्याकडं पाहून राहिला.

"हे काय आहे?"

"मले नाही माहीत जी."

"हे बघा ताई, मला रिपोर्ट द्यायचा आहे. तुम्ही धुतलं नसेल तर तसं सांगा. मी लिहितो, कामगार गैरहजर, दुसरी बाई लावतो, विषय संपला. पण रोज धुतलं म्हणत असाल तर मग काचा खराब कशानं झाल्या ते मला लिहावं लागेल. आणि ज्यानं धुतलं त्याचं नाव लिहावं लागेल."

आता तुमीच सांगा, काय म्हणाव. नाही धुतलं म्हटलं तं नोकरी गेली. धुतलं म्हटलं तं काचा म्याच खराब केल्या, नोकरीही गेली अन् वरून अजून काय काय अंगावर येईन. एवढ्या प्लेटाइचा दोष माह्या एकटीवर. पोलीस येतीन काय, नवऱ्याले बोलावतीन काय, असं सगळं एका मिनिटात डोस्क्यात. अन् त्याच टायमाले खालतून गुड्डीचं रडणं. थे साहेबालेही आयकू गेलं. तो म्हणे, "कोणाचं बाळ आहे?"  काका खालतूनच म्हणे, "पॅसेंजरचं असन."

आता सगळं खोटंच होऊन राहिलं होतं. मले असं झालं का एक तरी खरं बोलू दे, नाही तं मी चक्कर येऊन पत्र्यावरून पडते. म्या म्हटलं, "धुतलं जी. रोज धुतलं. दोन-दोन खेपा धुतलं. अन् थे लेकरू माहं हाये."

 बाजूच्या डेपोतले रफिक चाचा, गाड्याइचे मिस्त्री, गलका आयकून शिडीवर अर्धे चढून आले होते. त्याईचं डोस्कं तेवढं पत्र्याच्या वर दिसे. थे प्लेटीकडं पाहून म्हणे, "बेटी, धोया किस पानी से?"

"बोरच्या."

चाचानं कपाळाले हात लावला. "अगं, हा पाणी तो हम रेडिएटर में नहीं डालते. चार दिन में जम जाता. गाडीले गोड पाणी, अन् तू काच पे खारा मारी? वो भी धूप में?"

ज्याले आमचा भाग माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. पूर्णेच्या दोन्ही अंगाले जमिनीतलं पाणी खारं हाये, खारपानपट्टाच म्हणतेत. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, नवी बादली चार महिन्यात पांढरी होते. प्याचं पाणी नळाले येते, पाचव्या सहाव्या दिवशी, त्याले आमी गोड पाणी म्हणतो. गोड पाणी प्याले अन् सैपाकाले. धुणं, भांडे, आंगण, जनावर, सगळं खाऱ्यावर. गोड पाण्यानं कोणी फरशी पुसली तं घरात दोन दिवस बोलणं बंद होते. मी याच पट्ट्यातली, दर्यापूरकडची, लहानपणापासून हेच पाह्यलं. मंग एवढ्या मोठ्या गच्चीवर प्याचं पाणी ओताव, हे माह्या डोस्क्यात येईन तरी कसं? डेपोतल्या सगळ्याइले माहीत होतं का गाडीत खारं टाकाचं नाही. काचीवर टाकाचं नाही हे कोणाच्याच मनात आलं नाही. अन् उन्हात तापलेल्या काचीवर पाणी पडे तसं उडून जाये, खार तेवढा राहून जाये. रोज एक पापुद्रा. मी रोज दोन पापुद्रे चढवून राहिली होती, सही करून.

साहेबाले कोणीच विचारलं नाही का तुमी फोनवर धुवा धुवा म्हटलं तवा पाणी कोणतं हाये हे विचारलं काय. मीही नाही विचारलं. आता लिवताना मनात आलं.

साहेब म्हणे, रिपोर्ट पंधरा दिवसानं देतो. कंपनीचं खास औषध पाठवतो, त्यानं निघते का पाहा. बाथरूमचं ॲसिड लावाचं नाही, राख लावाची नाही, घासणी लावाची नाही, काचीवरचा कंपनीचा थर गेला तं प्लेट गेली. अन् नाहीच निघालं तं मंग साहेबाचंही काही चालणार नाही. जाताना त्यानं हिरकणीच्या दारातून आत पाह्यलं, झोळी पाह्यली, अन् गाडीकडं निघाला. काही बोलला असता तं बरं वाटलं असतं.

औषध काही आलं नाही. पाच दिवस मी पोस्टमनले विचाराव तसं प्रत्येक गाडीच्या कंडक्टरले विचारे, काही पार्सल हाये काय. थे म्हणत, "वहिनी, कोणाचं पत्र येणार हाये?" अन् हासत. मले रडू येये.

सहाव्या दिवशी सासू देवाचे भांडे घासत बसली होती. तांब्यावर पांढरे डाग पडलेले, अन् ती चिंचेचा कोळ लावून नुसत्या बोटानं फिरवत होती. डाग गेला. म्या म्हटलं, "आई, हे काचीवर चालन काय?" ती म्हणे, "काचीवर कोण चिंच लावते, बह्याड."

साहेबानं ॲसिड लावू नको म्हटलं होतं. चिंच ॲसिड हाये काय? मले माहीत नाही. आंबट तं हाये. राती चिंच भिजत घातली. सकाळी म्या भिजवलेली चिंच डब्यात नेली. तिसऱ्या ओळीतली कोपऱ्यातली एक प्लेट घेतली, जिचं गेलं तरी कमी दिसन. कोळ गाळून मऊ फडक्यानं लावला, उलसंक थांबली, पुसलं. काच काळी निघाली. एकदम काळी, जशी पहिल्या दिवशी होती. मले आनंद नाही झाला, भेव वाटलं, का वरचा थर तं नाही निघाला? वानखडे काकाले वर बोलावलं. काका चष्मा पुसून पाहे, पुन्हा पुसून पाहे. "खार निघाला का थर गेला, हे आता पेटीच सांगन," म्हणे.

एका प्लेटीनं पेटीवर काही दिसत नाही, ओळीची गोठ सांगतलीच. पुरी ओळ करा लागते. अन् चिंच पुसून काढाले गोड पाणी पाहिजे. स्टँडावरच्या टाकीत गोड पाणी होतं, पण थे पॅसेंजरचं प्याचं. म्या काकाले विचारलं. काकाचा चेहराच बदलला. "सीमा, तुह्यासाठी मी काहीही करीन. पण उन्हातानातून आलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी गच्चीवर ओतू देणार नाही." अन् थे बरोबरच होतं. मलेही थे पाप वाटे.

मंग घरच्या वाट्याचं नेलं. एक कॅन, सासूच्या नजरेआड. घरी म्हटलं, सांडलं. सासू म्हणे, "सांडते कसं? पाणी काय दूध हाये उतू जाले?" पण एका कॅननं किती होणार. अन् मंग एक दिवस पहाटेच्या गाडीच्या टायमाले लवकर आली, वर चढली, तं प्लेटा आपोआपच ओल्या. मले वाटलं कोणी रातून धुतल्या. बोट लावून जिभेले लावलं. खारं नव्हतं. दव होतं. हिवाळाभर रोज पहाटे काचीवर गोड पाणी पडून राहिलं होतं अन् मी आठ वाजता येऊन त्याच्यावर खारं ओतत होती. काय म्हणाव आता स्वतःले.

मंग रोज पहाटे. गुड्डीले शालीत गुंडाळून झोळीत टाकाची, काकाले सांगाचं कान ठेवा, अन् वर. पहिले चिंच, मंग दवानं ओल्या झालेल्या फडक्यानं पुसणं, शेवटी कॅनीतलं उलसंक. जुन्या सुती लुगड्याचे फडके केले. चार दिवसात तिसरी ओळ झाली. पेटीवर बाकीच्या तीन ओळीचे आकडे खालतं अन् तिसरीचा वरतं. फोटो काढले, पहिले तीन खराब आले.

पाठवल्यावर पाच मिनिटात साहेबाचा फोन. "तिसऱ्या ओळीला काय केलं?"

म्या फोन दुसऱ्या कानाले लावला.

"ताई, काय लावलं?"

"चिंच."

"काय?"

"चिंच जी. आपली, वरणातली."

 मले वाटलं फोन कटला. मंग तो म्हणे, "मी ॲसिड नको म्हटलं होतं." म्या म्हटलं, हो जी. तो म्हणे, "काच बरी आहे?" म्या म्हटलं, "पेटी तं बरी म्हणते." मंग तो हासला का खोकलला, मले समजलं नाही. म्हणे, "बाकीच्या तीन ओळी करा. आणि चिंच कुणाला सांगू नका, मी काय लिहू रिपोर्टात?"

बाकीच्या ओळीही झाल्या, रिपोर्टाची नक्कल स्टँडावर आली, अन् काकानं वाचून दाखवली. त्याच्यात लिवलं होतं, 'सौम्य द्रावण वापरून व दवाचा उपयोग करून काचा पूर्ववत.' काका म्हणे, "सौम्य द्रावण म्हणजे तुही चिंच." माहं नाव त्याच्यात नव्हतं. काचा कोणी खराब केल्या तिथंही नव्हतं, अन् कोणी चांगल्या केल्या तिथंही नव्हतं. मी खूष व्हाव का नाही हे मले दोन दिवस समजलं नाही. मंग म्हटलं, जाऊ दे, काम तं राह्यलं.

पण थेच तं पुढं फसलं. नीट आयका.

खारं पाणी बंद झालं तं प्लेटा लवकर खराबच होईनात. रोज धुवाची गरज नाही, आठ दिवसातून एक खेप पहाटे पुसलं का झालं. पावसाळ्यात तेही नाही, आभाळच धुते. मले खालतं स्टँड झाडाले लावलं. अन् मांगच्या महिन्यात साहेबाचा फोन आला, म्हणे ताई, तुमचं काम पाहून वरच्याइनं ठरवलं, दिवाळीनंतर रोजची बाई कुठंच नको. तीन स्टँड मिळून एक बाई. ती एक बाई तुम्ही. हप्त्यातून दोन-दोन दिवस एकेका ठिकाणी. कागद दिवाळीनंतर.

म्या म्हटलं, "त्या दोन ठिकाणी आता बाया हायेत ना?"

"आहेत. त्यांचा कागद संपतो आहे."

मी हो म्हटलं. घाबरली का हो म्हणते मी, हा माहा स्वभाव हाये. घरी सांगतलं नाही, लेकरू घेऊन गाडीनं फिरा लागन म्हटलं तं सासू काय म्हणन. साहेब म्हणे, एखादं स्टँड आधी पाहून या.

मंग मी अकोल्याकडच्या स्टँडावर गेली. सकाळची गाडी, मांडीवर गुड्डी, आता दीड वर्षाची, खिडकीतून हात बाहेर काढते, माहा जीव पुरा रस्ता तिच्या हातात. तिथली बाई वंदना. मी आली असं कोणीतरी तिले सांगतलं असन, ती धावत आली, हात ओले, अन् माह्यासाठी खुर्ची. मले कोणी कधी खुर्ची देली नाही. मी बसली नाही. तिचे बोटं पाह्यले, भेगा पडलेल्या, माहे होते तसेच. तिच्या प्लेटाइवर पांढरं. तिनं रजिस्टर काढून माह्या पुढं धरलं, दिवसातून दोन सह्या.

"मॅडम, मी रोज धुते. खरंच धुते. पाहून घ्या."

म्या म्हटलं, "मी मॅडम नाही व माय. मी तुह्यासारखीच हाये."

"मंग तुमी कायले आल्या?"

 तुह्या जागेवर आली म्हणू? गुड्डी वंदनाच्या बादलीत हात घालून बसली होती, वंदनानं तिले उचलून घेतलं, पदरानं हात पुसून देला, अन् तिनंच पुन्हा विचारलं, "माहं काम जाईन काय?" तिले दोन पोट्टे शाळेत. नवरा काय करते थे म्या विचारलं नाही, तिनं सांगतलंही नाही.

मले जे माहीत होतं थे एवढंच होतं, माह्याजवळ दुसरं काही नाही. साहेबानं कुणाले सांगू नका म्हटलं होतं. मी तिले सांगतलं. बोरचं बंद कर, चिंच गाळून लाव, फडकं सुती घे, पहाटे दव पडाले लागलं का वर जा, एक ओळ पहिले कर अन् पेटी पाहा. दोन खेपा सांगतलं, काहून का ती घाबरलेली होती अन् घाबरलेल्या माणसाले पहिल्या खेपेत आयकू येत नाही. ती मान हालवत होती. शेवटी म्हणे, "हे मले कायले सांगून राहिल्या तुमी?" मले नाही माहीत, म्या म्हटलं. खरंच नव्हतं माहीत.

वापस येताना गाडीत वाटलं मी बह्याडपणा केला. तिचे युनिट वाढले तं साहेब म्हणन, तीन ठिकाणाले एक बाई कायले, जिथली तिथंच बरी. नाही तं म्हणन, दोघीलेही येते तं मंग जी स्वस्त ती ठेवा. नाही तं म्हणन, चिंच सगळ्याइलेच समजली तं आता बाईच नको, पॅसेंजरच पुसतीन. काय म्हणन कोण जाणे. नवऱ्याले फोनवर फक्त एवढंच सांगतलं का एक बाई भेटली होती.

आता दव पडाले लागलं हाये. वंदनाचा एक दिवसाआड फोन येते. तिची पहिली ओळ काळी निघाली, पेटीवर वरतं गेली. लय खूष होती, फोनवरच ओरडली. मंग आवाज हळू करून विचारते, "तुमचा कागद आला काय?" मी म्हणते, नाही. तुहा? ती म्हणे, नाही.  काल ती म्हणे, "ताई, तुमचा आला तं मले सांगजा. लपवू नका."

म्या म्हटलं, नाही लपवत. म्हटलं तं हाये.